क्विनोआला नावं ठेवताना

ओल्या क्विनोआला एक वास येतो. पावसात भिजून सावलीतच वाळलेल्या गोणपाटाला येतो तसा; थोडा गवताचा, थोडा बंद कपाटाचा, आणि त्यात आमंत्रण असं काहीही नाही. तांदूळ धुताना ओंजळीत एक दुधाळ, शीतल प्रसन्नता उतरते. बाजरीच्या पिठात ऊन पाणी पडलं की स्वयंपाकघर क्षणात उबदार होतं. नागलीच्या काळसर गंधात तर पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारांची ओलदेखील असते. क्विनोआला असं काहीच सांगायचं नसतं. नळाखाली धरला की तो फेस काढतो. अन्नानं फेस काढावा, ही गोष्टच मला मुळात असभ्य वाटते.

हे धान्य माझ्या घरात आलं ते गेल्या फाल्गुनात. गंगापूर रोडवरच्या माझ्या घराच्या खिडकीसमोर एक कडुलिंब आहे. त्याची पिवळी पानं तेव्हा दिवसभर संथपणे खाली उतरत होती आणि उन्हाला अजून उन्हाळ्याचा उद्धटपणा आला नव्हता. अशा एका दुपारी कुरियरवाल्यानं एक खोकं हातात ठेवलं. आत मातकट रंगाच्या, मुद्दाम खडबडीत राखलेल्या कागदाच्या पिशव्या होत्या, आणि प्रत्येक पिशवीला एक चिमुकली खिडकी. त्या खिडकीतून राजगिऱ्याहून जरा थोराड, फिकट, चेहरा नसलेले दाणे बाहेर बघत होते. वर इंग्रजीत स्तुतिस्तोत्र छापलेलं. हे धान्य प्राचीन होतं, पवित्र होतं, हृदयाचा मित्र आणि आतड्यांचा हितचिंतक होतं. जन्मभर शाळेत मराठी शिकवल्यामुळे विशेषणांची गर्दी दिसली की मला नामाविषयीच संशय येतो. ते शिजवायचं कसं हे पाहायला मोबाइल उघडला, तर एका शुभ्र स्वयंपाकघरातली तरुणी लाकडी वाडग्यातला पहिला घास घेऊन डोळे मिटत होती आणि मान मागे टाकत होती, जणू त्या घासातून तिला काही साक्षात्कार झाला. भुकेल्या माणसांना पहिला घास घेताना मी पुष्कळ पाहिलं आहे. ती डोळे मिटत नाहीत. ती ताटाकडे बघतात, किती उरलंय ते.

तुच्छतेचं मला पिढीजात ज्ञान आहे, आणि तेही घेणाऱ्या बाजूचं. आमच्या इमारतीतल्या एक बाई सकाळी फिरताना भेटतात आणि माझं मराठी किती शुद्ध आहे याचं आश्चर्य दर काही महिन्यांनी नव्यानं व्यक्त करतात. आडनाव आणि अनुस्वार यांची सांगड त्यांना अजून घालता आलेली नाही. त्याच बाई हल्ली मला बाजरीचे गुण समजावून सांगतात. मी ऐकून घेते. ज्या भाकरीमुळे एके काळी आम्हाला शाळेत डबा भिंतीकडे तोंड करून खावा लागला, ती भाकरी आता माझ्याच हाती माहितीपत्रकासारखी ठेवली जाते आहे, याची गंमत मी मनातल्या मनात पुरवून पुरवून खाते. तेव्हा घरी आलेल्या या दूरदेशीच्या दाण्यांकडे मी वरून खाली पाहिलं, त्यात मला एक प्रकारचा आनंदच होता. नाव ठेवायला कुणीतरी मिळालं होतं.

पण पिशव्या माझ्यासाठी नव्हत्या. त्या दादासाठी होत्या.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. आम्ही मूळचे नांदगावचे. तो ओझरला विमानांच्या कारखान्यात लागला, तिथेच घर बांधलं आणि तिथूनच निवृत्त झाला. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत कमळवहिनी गेली, एकाएकी, कपडे वाळत घालताना. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि बंगळूरहून आलेली दादाची एकुलती लेक शिल्पा नोकरीची रजा संपली म्हणून परत गेली. ती गेली त्या सकाळपासून दादा तिच्याशी बोलेनासा झाला. फोन आला की तो मोबाइल पालथा घालून ठेवायचा. रिकाम्या घरात त्याला एकटं सोडवेना, म्हणून मी त्याला माझ्याकडे आणलं. मी एकटीच राहते. लग्न केलं नाही, त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

इथे आल्यावर दादानं जेवणं सोडलं. म्हणजे ताटावर बसायचा तो. भाकरीचा तुकडा मोडायचा, तो आणखी मोडायचा, मग त्या तुकड्यांकडे असा बघत राहायचा जणू ते त्याला न येणाऱ्या लिपीत लिहिलेले आहेत. त्याला आवडणारं जे जे मला आठवलं ते सगळं मी केलं. कुळथाची शेंगोळी केली, भरीत केलं, बोंबलाची चटणी परतली तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. दादा दोन घास खाऊन हात धुवायचा आणि म्हणायचा, “चांगलं झालंय, शकू.” तो सभ्यपणा मला ऐकवत नसे. दादा आयुष्यात कधी सभ्य नव्हता. त्याच्या सदऱ्याची कॉलर मानेपासून दूर उभी राहू लागली, हातावरचं घड्याळ कोपराकडे घसरू लागलं. डॉक्टर म्हणाले, साखर तर आहेच. पण हे जे चाललंय ते साखरेचं नाही, आणि असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नळीतून खाऊ घालावं लागेल. हे मी शिल्पाला कळवलं, आणि शिल्पानं कुणा आहारतज्ज्ञाला विचारून हा क्विनोआ धाडला.

मला त्या मुलीचा संताप आला. बाप अन्नाला शिवत नाही, आणि ही पाठवते काय, तर ज्याचं नाव उच्चारताना जीभ अडखळते असलं धान्य. माया खोक्यात भरून, चिकटपट्टी लावून पाठवायची, आणि वर फोनवर म्हणायचं, “आत्या, प्लीज, एकदा ट्राय तरी कर ना.” मी ठरवलं, करायचं, एकदाच, आणि दादानं नाकारलं की तिला तसं सांगायचं.

करायचं ठरवलं ते तुच्छतेनंच, त्यामुळे पिशवीच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. तांदूळ धुतात तसा पातेल्यात घेतला, पाणी घातलं, पाणी ओतायला गेले. तर दाणे पाण्याबरोबर निघाले, बोटांमधून, काठावरून, थेट मोरीकडे. इतकं हलकं, इतकं निष्ठाशून्य धान्य मी पाहिलं नव्हतं. उरलेलं वाचवावं म्हणून पुन्हा धुतलंच नाही. मोहरी-जिऱ्याची फोडणी केली, कांदा परतला, दाणे आणि पाणी घातलं, कुकरची शिटी काढली. झाकण उघडलं तेव्हा आत एक करडा लगदा होता आणि त्यात असंख्य पांढऱ्या शेपट्या वळवळल्यासारख्या पसरल्या होत्या. प्रत्येक दाण्यानं आपल्या पोटातला अंकुर बाहेर काढून ठेवला होता. मी चव न बघताच वाढलं.

दादानं नेहमीप्रमाणे निमूट घास घेतला. मग त्याचा चेहरा थांबला. गाल आत गेले, भुवया जवळ आल्या, आणि तो उठून ताडताड बेसिनकडे गेला, थुंकला, चूळ भरली, पुन्हा थुंकला.

“काय शिजवलंय हे?” तो ओरडला. “विष हाय का काय? कोंबड्यांना टाकलं ना, तर कोंबड्या बी मागं सरतील!”

मी हातात पळी धरून उभी राहिले. ‘चांगलं झालंय’ सोडलं, तर कित्येक आठवड्यांत त्याच्या तोंडून आलेलं हे पहिलं सबंध वाक्य होतं.

“शिल्पानं पाठवलंय,” मी म्हणाले.

“तिला म्हणावं तूच खा! इंजिनेर झाली, पण बापाला घालायचं काय ते कळंना. कडू जहर! जिभेवरनं जाईना बी.” तो तरातरा परत आला, ताट बाजूला सारलं. “भाकर हाय का सकाळची? आन् चटणी दे. तोंडाची पार माती झाली.”

सकाळची भाकरी मी दिली. जिभेवरचा तो कडवटपणा घालवण्यासाठी दादानं ती चटणीशी अख्खी खाल्ली. रागारागानं, मोठे मोठे तुकडे मोडून, मध्ये मध्ये त्या लगद्याकडे बघून नाक मुरडत. स्वयंपाकघरात येऊन मी एक चमचा तोंडात घातला. खरंच कडू होता. औषधाचा नसतो, साबणाचा असतो तसा कडूपणा, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा.

मग मी ती बारीक अक्षरं वाचली. या दाण्यावर निसर्गानंच एक कडू लेप दिलेला असतो, पाखरांनी खाऊ नये म्हणून. तो रिठ्यासारखा फेसाळतो. तेव्हा क्विनोआ धुवायचा तो बारीक जाळीच्या गाळणीत, वाहत्या पाण्याखाली, बोटांनी चोळून चोळून, फेस येणं थांबेपर्यंत. मग निथळून, कोरडाच जरा भाजून घ्यायचा. दुप्पट पाण्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर शिजवायचा. आणि पाणी आटलं की लगेच न ढवळता तसाच झाकून मुरू द्यायचा. एवढे लाड. पाखरांनीसुद्धा नाकारलेल्या वस्तूचे एवढे लाड माणसानं का करावेत, असं मनात आलं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा क्विनोआ काढला. का, ते तेव्हा मला नीटसं सांगता आलं नसतं.

माझ्याकडे बारीक जाळीची म्हणून एक चहाचीच गाळणी होती. तिच्यात मूठ मूठ घेऊन मी धुवायला लागले. उशिरा सकाळचं ऊन ओट्यावर तिरपं पडलं होतं, आणि त्या उन्हात गाळणीखाली फेसाचे बारीक बुडबुडे क्षणभर इंद्रधनुषी होऊन फुटत होते. दिसायला सुंदर, ही त्यांची आणखी एक आगाऊपणाची गोष्ट. पाठीमागे चाहूल लागली. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. घरात आल्यापासून तो या खोलीत कधी आला नव्हता.

“चाललं का पुन्हा तेच?” तो म्हणाला. “आन् चहाच्या गाळणीनं? आता चमच्यानं विहीर उपसायला घे.”

“फेस जाईपर्यंत धुवायचं म्हणे.”

“धुणं हाय का जेवण?” तो जवळ आला, वाकला. “निरमा टाकलाय वाटतं त्यांनी आतच. त्या पोरीच्या कपड्यांना घाल, लख्ख निघतील.”

मी हसले. तो हसला नाही, पण तिथंच स्टुलावर बसला आणि सगळं धुऊन होईपर्यंत शेरे मारत राहिला. त्या दिवशी कडूपणा गेला होता, पण तळाला लागला होता. दादानं त्याला डांबर म्हटलं आणि वाटीभर खाल्लं. त्यानंतर तो रोजच विचारू लागला, “आज कोंबड्यांचं नाय का केलं?” एकदा मीठ जास्त, एकदा चिकट, एकदा नुसताच भुसा. कांदा-शेंगदाणे घातले तर म्हणाला, “शेंगदाण्यांची अब्रू घालवलीस.” मीही मागे राहिले नाही. त्या लाकडी वाडगेवाल्या तरुणीची मी त्याला नक्कल करून दाखवली, डोळे मिटून, मान मागे टाकून. तेव्हा दादाला ठसका लागला. त्या धान्याला आम्ही दोघांनी जेवढं हिणवलं तेवढं कुणी कुणाला हिणवू नये. आणि नावं ठेवता ठेवता वाटी रिकामी होत होती. सोबतीला भाकरी जात होती, आमटी जात होती; घड्याळ मनगटाशी थांबायला लागलं होतं.

शिल्पाचा फोन आला तेव्हा दादा जेवतच होता. मी स्पीकर लावून “दादा खातोय गं,” एवढंच म्हणाले. तिकडून तिनं भीत भीत विचारलं, “बाबांना आवडलं का?”

दादानं माझ्या हातून मोबाइल ओढून घेतला. “आवडलं? हे मानसं खातात तिकडं? तुझ्या आईनं कधी असलं घातलं होतं का तुला? तिनं बघितलं असतं ना, तर तुझ्यासकट पिशवी परत धाडली असती!” मग मिठापासून शेपट्यांपर्यंत सगळं काढलं, बंगळूर काढलं, रजा न देणारी तिची कंपनी काढली, आणि बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. “थांबायचं होतंस गं चार दिवस,” तो म्हणाला. पलीकडून शिल्पाचे हुंदके ऐकू आले. मी माझं ताट उचलून आत गेले. थोड्या वेळानं तिनं मला वेगळा फोन केला. “आत्या,” ती रडत, हसत म्हणाली, “बाबा भांडले माझ्याशी!”

पुढच्या खोक्यात तिनं लाल जातीचा क्विनोआ पाठवला. मी तो परातीत ओतला मात्र, दादानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. एकच शब्द आम्हा दोघांच्या तोंडी एकदम आला. मिलो.

दुष्काळाच्या दिवसांत नांदगावला रेशनवर ती लाल, परदेशी ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापता थापता चिरायची, तव्यावर विटेसारखी व्हायची, आणि तिला बंद गोदामाचा उग्र वास यायचा. शाळेत पांढऱ्या भाकरीच्या मुली माझ्या डब्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. पण घरी, चुलीच्या उजेडात, त्याच भाकरीवर आमची सगळ्यांची जीभ मोकाट सुटायची. आई थापताना तिला शिव्या घालायची, वडील मोडताना घालायचे, दादा तर असे काही शब्द शोधून काढायचा की आई त्याला लाटणं दाखवायची आणि हसायची. “शिव्या घाला,” ती म्हणायची, “पन गिळा.” एवढाच तिचा नियम होता. आज वाटतं, तिला ठाऊक असावं. पुढ्यातल्या घासाला नावं ठेवणारं तोंड भिकाऱ्याचं नसतं. ज्यांनी ते धान्य पाठवलं त्यांनी आमची कीव केली होती, ज्यांनी वाटलं त्यांनी उपकार केला होता. आम्ही मात्र ते शिव्या घालून खाल्लं, आणि म्हणून ते आमचं जेवण झालं.

त्या संध्याकाळी मी लाल दाणे धूत असताना दादा वहिनीविषयी पहिल्यांदा बोलला. बाहेर कडुलिंबाला नवी, तांबूस पालवी फुटली होती आणि मोहोराचा मंद, कडसर गोड वास खिडकीतून आत येत होता. तो म्हणाला, कमळच्या हातचं जेवण त्यानं कधी, एकदाही, चांगलं म्हटलं नाही. मीठ कमी, तिखट जास्त, भाकर जाड. ती म्हणायची, उद्यापासून तूच थाप. असं सबंध संसारभर. “जेवताना भांडलो नाय असा दिवस नाय,” तो म्हणाला, “आन् ती गेल्यावर जो तो मला गोड गोड वाढायला लागला. तू बी. कुणाला काय बोलायचं? तोंडच उघडंना माझं.”

मी गाळणी हातात धरून तशीच उभी होते. एवढी शेंगोळी, एवढं भरीत. माझ्या साऱ्या मायेनं मी त्याच्यापुढे असं अन्न ठेवलं होतं की ज्याला तो काही बोलू शकत नव्हता. सांत्वनाला कोण नावं ठेवणार? ते नुसतं घशाशी अडकतं. आणि या टाकाऊ, उपऱ्या, अहंमन्य धान्यानं, ज्याच्यात जीव लावावा असा एकही गुण मला आजवर सापडलेला नाही, त्यानं दादाला त्याचं तोंड परत दिलं होतं. याबद्दल क्विनोआचे आभार मानण्याची माझी अजूनही तयारी नाही. त्यानं काही केलं नाही. तो नुसता वाईट होता, आणि वाईट असण्याची सवलत त्या दिवसांत आमच्या घरात दुसऱ्या कुणालाच नव्हती.

चैत्र सरता सरता दादा ओझरला परत गेला. मी थांब म्हटलं, तो म्हणाला, झाडांना पाणी कोण घालील. जाताना पिशवी उघडून आत क्विनोआची पुडी सरकवताना मी त्याला धुण्याची रीत पुन्हा सांगायला लागले, तर त्यानं हात झटकला. “मला नको शिकवू. इतके दिवस बघत बसलो ते काय उगंच?” शिल्पा मे महिन्यात यायची होती. तिच्यापुढे तिचंच धान्य शिजवून ठेवायचं आणि ती कशी खाते ते बघायचं, असा त्याचा बेत होता. ते सांगताना त्याच्या डोळ्यांत जुनी, दुष्ट चमक होती.

तो गेल्यावर काही दिवसांनी, एका रविवारी सकाळी, फडताळात उरलेल्या मूठभर क्विनोआकडे माझं लक्ष गेलं. टाकून द्यावा असं वाटलं, पण अन्न टाकणं मला जमत नाही. मी तो फेस जाईपर्यंत धुतला, भाजला, मंद आचेवर ठेवला, आणि पाणी आटल्यावर झाकण न उघडता वाट पाहिली. झाकण काढलं तर दाणा न् दाणा मोकळा, प्रत्येकाभोवती अंकुराचं बारीक पांढरं कडं. इतका निर्दोष तो आजवर कधी झाला नव्हता. ताटलीत घेऊन मी टेबलाशी बसले. घरात पूर्ण शांतता होती; ही शांतता मी वर्षानुवर्षं जपलेली, मला प्रिय असलेली.

पहिला घास घेतला आणि मी मोठ्यानं म्हणाले, “अळणी झालाय.”

शब्द टेबलापलीकडे गेले. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला, मग तोही थांबला. हातातला घास तसाच धरून मी बसले होते, मान किंचित वर करून, समोरच्या खुर्चीकडे बघत. आणि कितीतरी वेळानं माझ्या ध्यानात आलं की मी उत्तराची वाट पाहते आहे.